सेरुलोप्लाझ्मिन कमी आले, आता पुढे काय?

या महिन्याच्या टपालात रक्ताच्या एकाच तपासणीविषयी, म्हणजे सेरुलोप्लाझ्मिन या तांबे बाळगणाऱ्या प्रथिनाच्या तपासणीविषयी, तीन पत्रे आली आहेत. कोकणातल्या लहान गावांतून ही तपासणी पूर्वी क्वचितच होत असे. आता कणकवली, कुडाळ किंवा चिपळूणला रक्त दिले की नमुना बर्फात ठेवून मोठ्या शहरातील प्रयोगशाळेकडे जातो आणि दोन-तीन दिवसांत अहवाल मोबाइलवर येतो. तो नीट समजावून सांगणारे माणूस मात्र प्रत्येकाला जवळ मिळतेच असे नाही, म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आम्ही मालवण तालुक्यात खाडीकाठच्या गावात राहतो. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला दोन वर्षांत दोनदा कावीळ झाली. पहिल्या वेळी गावठी औषध दिले, देवाला गाऱ्हाणेही घातले आणि ती उतरली. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी कावीळ करणाऱ्या सर्व विषाणूंच्या तपासण्या केल्या, त्या निगेटिव्ह आल्या. दिवाळीनंतर त्याचे अक्षर बिघडले आणि भरलेला पेला उचलताना हात थरथरू लागला. आता सेरुलोप्लाझ्मिन १४ मिलिग्रॅम आले असून त्यापुढे ‘कमी’ असे छापले आहे. डॉक्टरांना विल्सन्स डिसीजचा, म्हणजे शरीरात तांबे साठण्याच्या आजाराचा संशय आहे. पण त्याच अहवालात रक्तातील तांबे ७८ मायक्रोग्रॅम, म्हणजे ७० ते १४० या मर्यादेत आहे. तांबे वाढलेलेच नाही, तर तांब्याचा आजार कसा? आई म्हणते की घरातल्या तांब्याच्या कळशीतले पाणी बाधले. माझी पत्नी माझ्या मामाचीच मुलगी आहे, हेही डॉक्टरांनी विचारून घेतले. धाकटी मुलगी नऊ वर्षांची असून ठणठणीत आहे. वहीची दोन पाने सोबत पाठवत आहे.

उत्तर : वहीची ती दोन पाने मी अहवालाच्या आधी पाहिली. जूनमधल्या पानावर अक्षर टपोरे आणि रेघेवर बसलेले आहे. जानेवारीतल्या पानावर ओळ सुरू होते तेव्हा अक्षर बरे असते, मग ते बारीक होत जाते, शिरोरेघ तुटते आणि ओळीच्या शेवटी शब्द रेघेखाली उतरतात. चौदा वर्षांच्या मुलाचे अक्षर सहा महिन्यांत असे बदलणे आणि त्याआधी कारण न सापडलेली कावीळ होऊन गेलेली असणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की तांब्याचा विचार करावाच लागतो. तुमच्या डॉक्टरांनी तो केला, हे फार योग्य झाले. अशा मुलांना आळशी, हट्टी किंवा बाधा झालेली ठरवण्यात वर्षे निघून जातात आणि तोवर यकृताचे व मेंदूचे जे नुकसान होते ते सगळे भरून येत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. आपण अन्नातून रोज थोडे तांबे घेतो आणि त्याची शरीराला गरजही असते. आतड्यातून शोषलेले तांबे यकृतात जाते. तेथे एटीपी७बी नावाच्या जनुकापासून तयार होणारे प्रथिन दोन कामे करते : सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनात तांबे बसवून ते रक्तात पाठवणे आणि जास्तीचे तांबे पित्तावाटे शरीराबाहेर काढणे. विल्सन्स डिसीजमध्ये हे जनुक सदोष असल्याने दोन्ही कामे अडतात. पित्तावाटे तांबे जात नाही, म्हणून ते यकृतात साठते आणि तेथून ओसंडून मेंदू, डोळे व मूत्रपिंडात पोहोचते. दुसरीकडे, तांबे न बसलेले सेरुलोप्लाझ्मिन रक्तात टिकत नाही. तांब्यासह ते चार-पाच दिवस टिकते, तांब्याविना काही तासांतच नष्ट होते. म्हणून रक्तातील त्याचे प्रमाण घटते.

निरोगी माणसाच्या रक्तातील तांब्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक तांबे सेरुलोप्लाझ्मिनलाच बांधलेले असते. तेच प्रथिन घटले की रक्तातील एकूण तांबेही घटते किंवा मर्यादेत दिसते, आणि अपाय करणारे मोकळे तांबे मात्र त्याच वेळी वाढलेले असते. ते अंदाजाने काढण्याची रीत सोपी आहे : सेरुलोप्लाझ्मिनच्या आकड्याला ३.१५ ने गुणावे आणि उत्तर एकूण तांब्यातून वजा करावे. तुमच्या मुलाच्या बाबतीत १४ गुणिले ३.१५ म्हणजे ४४, आणि ७८ वजा ४४ म्हणजे साधारण ३४ मायक्रोग्रॅम. निरोगी माणसात ही बाकी १०-१५च्या आसपास असते आणि २५ च्या वर गेली की संशय बळावतो. तेव्हा ‘तांबे मर्यादेत आहे’ या ओळीने निर्धास्त होऊ नका. मात्र या ३४ वरही सर्व भार टाकू नका. दोन वेगळ्या मोजमापांतून काढलेली ही बाकी असते. शिवाय सेरुलोप्लाझ्मिन मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत तांबे नसलेले प्रथिनही मोजले जात असल्याने हिशेब चुकू शकतो, इतका की कधी उत्तर शून्याखालीही जाते. परदेशात काही केंद्रांवर मोकळे तांबे थेट मोजण्याची रक्ततपासणी होते आणि तिचे निष्कर्ष अधिक भरवशाचे ठरत आहेत. आपल्याकडे तूर्त नेहमीच्या तपासण्यांची सांगड घालूनच निर्णय करावा लागतो.

आणि १४ या आकड्याबद्दल माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की त्याने आजार सिद्ध झालेला नाही आणि तो २१ आला असता तरी आजार नाही असे म्हणता आले नसते. साधारण २० ते ४० ही मर्यादा धरतात. १० च्या खाली आकडा असेल तर संशय दाट असतो. १० ते २० हा मधला पट्टा मात्र फसवा आहे. सदोष जनुकाची एकच प्रत असलेली, स्वतः पूर्ण निरोगी माणसेही या पट्ट्यात सापडतात. लघवीतून प्रथिने जाणारा मूत्रपिंडाचा विकार, अन्नशोषणाचे आजार, तीव्र कुपोषण आणि कोणत्याही कारणाने पार खालावलेले यकृत यांतही आकडा उतरतो. उलट, शरीरात कोठेही दाह किंवा संसर्ग असला की हे प्रथिन वाढते, त्यामुळे आजार असलेल्या मुलाचा आकडाही कधी मर्यादेत दिसतो. निदानासाठी जगभर वापरली जाणारी गुणपद्धत २००१ साली जर्मनीतील लाइपझिगच्या परिषदेत ठरली. तिच्यात सेरुलोप्लाझ्मिन १० ते २० असेल तर एक गुण मिळतो आणि निदान पक्के व्हायला किमान चार गुण लागतात. म्हणजे तुमच्या हातातला कागद चारांतला एक गुण आहे. उरलेले कोठून येतात ते पाहू.

पहिली तपासणी डोळ्यांची. नेत्रतज्ज्ञाकडे स्लिट लॅम्प नावाचे यंत्र असते. त्यातून बुबुळाच्या कडेला, पारदर्शक पटलाच्या आतल्या बाजूस, सोनेरी-हिरवट किंवा तपकिरी वलय दिसते का ते पाहतात. ते वलय आधी वरच्या कडेला, मग खालच्या कडेला उमटते आणि पुढे गोल पुरे होते. कायझर आणि फ्लायशर या जर्मन डॉक्टरांनी ते १९०२ आणि १९०३ साली नोंदवले, म्हणजे किनियर विल्सन यांनी १९१२ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन करण्याच्याही आधी. नुसत्या बॅटरीच्या उजेडात पाहून ‘काही नाही’ म्हणणे पुरेसे नाही. ज्यांना हातापायांची व बोलण्याची लक्षणे असतात, त्यांच्यापैकी शंभरांतील पंचाण्णवांना हे वलय दिसते. केवळ यकृताचा त्रास असणाऱ्यांत ते सुमारे निम्म्यांनाच असते. तुमच्या मुलाचे अक्षर आणि थरथर लक्षात घेता ही तपासणी याच आठवड्यात करावी. खर्च थोडा, वेदना नाही, आणि वलय दिसले तर दोन गुण.

दुसरी तपासणी चोवीस तासांच्या लघवीतील तांब्याची. सर्वाधिक चुका येथेच होतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. रविवार निवडा, म्हणजे मुलगा दिवसभर घरी असेल. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि घड्याळातली वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी, अगदी शौचाच्या वेळचीसुद्धा, प्रयोगशाळेने दिलेल्या प्लास्टिकच्या कॅनमध्येच जमवायची आणि सोमवारी त्याच वेळची पहिली लघवी त्यात घालून कॅन बंद करायचा. कॅन तांब्याचा अंशही नसेल असा धुतलेला असावा लागतो, म्हणून घरची बाटली वापरू नका. मधल्या वेळी लघवी धरायला तांब्या-पितळेचे भांडे तर मुळीच नको. एका घरी आजोबांनी कॅन जड होईल म्हणून पितळेच्या गडव्यात लघवी धरून मग ओतली होती. तो आकडा इतका वाढून आला की सारे पुन्हा करावे लागले आणि दोन आठवडे गेले. निरोगी माणसाच्या चोवीस तासांच्या लघवीत ४० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबे असते. लक्षणे असलेल्या विल्सनच्या रुग्णात ते बहुधा १०० च्या पुढे जाते.

एवढ्यावर निकाल लागला नाही तर जनुकाची तपासणी, आणि क्वचित यकृताचा बारीक तुकडा काढून त्यातील तांबे मोजणे. मेंदूचा एमआरआय तुमचे डॉक्टर सांगतीलच. या सर्वांसाठी तुम्हाला गोव्यातील बांबोळी, कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागेल. जाताना आजवरचे सगळे कागद आणि वहीची ही पाने बरोबर न्या. दरम्यान कावीळ एकदम वाढली, मुलगा पांढराफटक दिसू लागला, लघवी चहासारखी झाली, रक्ताची उलटी झाली किंवा त्याला ग्लानी आली, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.

तुमच्या आईच्या मनातला संशय दूर करायला हवा, कारण कळशी त्या भरत असतील आणि मनाला लावून घेत असतील. कळशीतल्या पाण्याने हा आजार होत नाही. दोष जन्मतः असतो. आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुकाची एकेक प्रत आली तरच आजार होतो. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तीच प्रत असण्याची शक्यता वाढते, म्हणून डॉक्टरांनी मामाच्या मुलीबद्दल विचारले. यात कोणाला दोष देण्याचा प्रश्नच नाही, नात्याबाहेरच्या जोडप्यांनाही असे मूल होते आणि जगात साधारण तीस हजारांत एकाला हा आजार असतो. निदान पक्के झाल्यावर मात्र या मुलासाठी तांब्याच्या भांड्यातले पाणी बंद करावे, आणि बिनकल्हईच्या पितळी भांड्यात शिजवलेले किंवा ठेवलेले आंबट पदार्थही, कारण कोकमाच्या आगळासारख्या आंबटाने तांबे अधिक सुटते.

भांड्यातल्या तांब्याने अपाय होण्याचा आपल्या महाराष्ट्रातला खरा दाखला निराळा आहे. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात तापवलेले आणि साठवलेले वरचे दूध तान्ह्या मुलांना लवकर सुरू केल्याने त्यांचे यकृत निकामी होत असे. पुण्यातील डॉ. भावे व डॉ. पंडित आणि ब्रिटनचे डॉ. टॅनर यांनी हा संबंध १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. स्टीलची भांडी घरोघरी आली आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. त्या मुलांचे सेरुलोप्लाझ्मिन कमी नसे. तो आजार वेगळा, तुमच्या मुलाचा वेगळा.

खाण्याबद्दल तुम्ही विचारले नाही, पण खाडीकाठी राहता म्हणून लिहितो. कालवांत तांबे फार असते. कालवे, कुर्ल्या, कलेजी, काजू, चॉकलेट आणि पावसाळ्यातली अळंबी निदान झाल्यावर किमान पहिले वर्षभर तरी टाळावीत. बांगडा, पेडवे, सुरमई खायला हरकत नाही. नुसत्या पथ्याने हा आजार आटोक्यात येत नाही. त्याला जन्मभर औषध लागते. डी-पेनिसिलामाइनसारखी औषधे साठलेले तांबे लघवीवाटे काढतात, तर झिंक आतड्यातून नवे तांबे आत येऊ देत नाही. औषध वेळेवर सुरू होऊन नियमित राहिले तर मुले शिकतात, नोकरी करतात, त्यांची लग्ने होतात. बरे वाटते म्हणून मधेच औषध बंद केल्याने जीव गेलेले रुग्ण आहेत, हे आजच लक्षात ठेवा. मात्र हे औषध कोणाच्या सांगण्यावरून आधीच आणून देऊ नका. सुरुवातीला थरथर वाढू शकते, त्यामुळे ते तज्ज्ञाच्या नजरेखाली हळूहळू वाढवावे लागते.

शेवटी धाकटी मुलगी. भावाचे निदान पक्के झाले की तिची तपासणी झालीच पाहिजे, ती कितीही ठणठणीत दिसत असली तरी. सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारांत एक असते. यकृताच्या तपासण्या, सेरुलोप्लाझ्मिन, डोळे आणि लघवीतील तांबे पाहावे. भावाच्या जनुकातील नेमका दोष कळला असेल तर तिच्या रक्तात तेवढाच शोधता येतो आणि ती वाहक (म्हणजे एकच सदोष प्रत असलेली) की रुग्ण, हा प्रश्न कायमचा सुटतो. लक्षणे येण्यापूर्वी औषध सुरू झालेल्या मुलांना सहसा लक्षणे येतच नाहीत. या आजारात माझ्या दृष्टीने याहून समाधानाची गोष्ट दुसरी नाही.

प्रश्न : मी दापोलीची, वय २६, सातवा महिना सुरू आहे. माझ्या सख्ख्या भावाला मुंबईत विल्सन्स डिसीजचे निदान झाले आणि आम्हा भावंडांना तपासणी करायला सांगितले. माझे सेरुलोप्लाझ्मिन २४ आले. अहवालात ते नॉर्मल आहे. सासूबाई म्हणतात, आता पुरे झाले. हे बरोबर आहे का?

उत्तर : सासूबाईंची तुम्हाला या दिवसांत त्रास नको ही भावना योग्य आहे, पण हा आकडा तुम्हाला मोकळे करत नाही. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढते आणि त्याबरोबर सेरुलोप्लाझ्मिनही बरेच वाढते, कित्येकींचे दुपटीने. या प्रथिनाला निळसर रंग असतो, त्यावरूनच त्याला लॅटिन नाव मिळाले, आणि ते फार वाढले की काही गरोदर स्त्रियांच्या रक्तातील पाण्यासारखा भाग हिरवट दिसतो. प्रयोगशाळेने छापलेली मर्यादा गरोदर नसलेल्यांची असते. सातव्या महिन्यात ४० च्या पुढचा आकडाही नवलाचा नाही, त्या मानाने तुमचा २४ मला कमी वाटतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावे.

डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी, यकृताच्या रक्ततपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी आताच करून घ्या. बाळाला यांपैकी कशानेही धोका नाही. भावाचा जनुकीय अहवाल असेल तर त्याची प्रत मागवा, कारण जनुकाच्या तपासणीवर गरोदरपणाचा काही परिणाम होत नाही. आजार निघालाच तर गरोदरपणातही त्याचे उपचार करता येतात. बाळाचे रक्त जन्मतः तपासण्याची घाई करू नका, नवजात बाळांचे सेरुलोप्लाझ्मिन मुळातच कमी असते आणि पहिले काही महिने ते तसेच राहते.

प्रश्न : मी रत्नागिरीचा निवृत्त शिक्षक, वय ६६. वर्षभर पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. हिमोग्लोबिन ८.६, पांढऱ्या पेशीही कमी. सेरुलोप्लाझ्मिन ७ आणि तांबे २८ आले. एका परिचिताने विल्सन्स डिसीज असल्याचे सांगितले. २०२० पासून प्रतिकारशक्तीसाठी रोज ५० मिलिग्रॅमची झिंकची गोळी घेतो, दुसरे औषध नाही.

उत्तर : गुरुजी, तुमच्या प्रश्नातले शेवटचे वाक्य बहुधा उत्तर आहे. वर दिलेला हिशेब तुमच्या आकड्यांवर करून पाहा : ७ गुणिले ३.१५ म्हणजे २२, आणि २८ वजा २२ म्हणजे ६. मोकळे तांबे वाढलेले नाही, तेही कमीच आहे. तुमच्या शरीरात तांबे साठल्याची नव्हे, तर ते संपत आल्याची ही चिन्हे दिसतात. झिंकमुळे आतड्याच्या पेशींत तांबे धरून ठेवणारे एक प्रथिन वाढते. त्यात अडकलेले तांबे रक्तात न जाता पेशी गळतील तशी शौचावाटे निघून जाते. विल्सनच्या रुग्णाला ज्या गुणामुळे झिंक औषध म्हणून देतात, त्याच गुणाने निरोगी माणसाला, काही वर्षे रोज घेतल्यास, तांब्याची कमतरता होते. रक्त कमी होणे, पांढऱ्या पेशी घटणे आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूवर परिणाम होऊन तोल जाणे ही तिची नेहमीची लक्षणे. प्रौढांसाठी झिंकची दिवसाची कमाल मर्यादा, अन्नातले धरून, ४० मिलिग्रॅम मानली जाते. तुमची एक गोळीच त्याहून जास्त आहे.

बी-१२च्या कमतरतेतही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून ती तपासणी आणि रक्तातील झिंक दोन्ही करून घ्या. लघवीतून प्रथिने जातात का तेही पाहावे, आणि पूर्वी जठराची शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना सांगावे. तांबे भरून काढल्यावर रक्त काही आठवड्यांत सुधारू लागते. पायांच्या मुंग्या आणि तोल यांना वेळ लागतो आणि त्या पूर्ण जातीलच असे नाही, म्हणून उशीर नको. झिंकची गोळी आजपासून थांबवा, या आठवड्यात फिजिशियनकडे जा आणि अहवालांबरोबर ती गोळ्यांची बाटलीही न्या. तिच्यावर छापलेले प्रमाण त्यांनी स्वतः पाहिलेले बरे.